फक्त पाच किलो?

आपल्या बेळगाव-निपाणी भागात वजनाचा विषय निघाला की तो लगेच टोकाला जातो. एकतर "खात्यापित्या घरची हाय की, असू दे" म्हणून मिटतो, नाहीतर थेट वीस-पंचवीस किलो उतरवायच्या गोष्टी सुरू होतात. लग्नाआधी तीन महिने भात बंद, जिमची वर्षाची फी एकदम भरलेली, मोबाईलवर कुणाचे तरी 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. ऐंशी किलोच्या माणसानं चार-पाच किलो कमी केले, तर त्याची दखल कुणी घेत नाही. कपडे थोडे सैल होतात, बाकी माणूस तसाच दिसतो.

मला त्या चार-पाच किलोंबद्दलच लिहायचं आहे. मी डॉक्टर नाही. बेळगावात शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पण घरात कारण घडलं, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. तुम्ही मंडळी पुण्याला, बेंगळुरूला, काहीजण त्याहून लांब. आई-वडील इकडं. फोनवर "आई, वजन कमी कर" असं तुम्ही म्हणत असाल. किती कमी कर, हे सांगितलंत का कधी?

घरातलं कारण म्हणजे माझी मोठी वहिनी. निपाणीत घरचं किराणा दुकान आहे आणि गेली वीस वर्षं ती गल्ल्यावर बसते. वय ५४, उंची पाच फुटांच्या आसपास, वजन ८० किलो. गुडघे दुखतात, रात्री घोरते, रक्तदाब १४६/९२. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' असा शब्द. तिच्या आईला मधुमेहानं डोळ्यांचा त्रास झाला होता, त्यामुळं तिच्या मनात भीती होतीच. पुण्याहून मुलानं मोबाईलमध्ये कॅलरी मोजायचं ॲप घालून दिलं. त्यात पिझ्झा होता, पास्ता होता. आंबाड्याची भाजी आणि कण्या मात्र नव्हत्या. आठ दिवसांत ॲप बंद.

मग तिच्या डॉक्टरांनी तिला आकडा दिला: सहा महिने ते वर्षभरात चार ते साडेपाच किलो. बास. वहिनीला तो इतका लहान वाटला की तिनं मला फोन करून विचारलं, "वन्सं, डॉक्टर मला फसवत न्हाईत न्हवं?"

फसवत नव्हते. हा आकडा ज्या अभ्यासातून आला, तो वैद्यकशास्त्रातल्या नावाजलेल्या अभ्यासांपैकी एक. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं घेतली. त्यांचे तीन गट केले. एका गटाला मेटफॉर्मिन ही गोळी, एकाला नुसती दिसायला तशीच गोळी, आणि तिसऱ्या गटाला राहणी बदलण्याचं शिक्षण. तिसऱ्या गटाचं उद्दिष्ट होतं वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. २००२ साली निकाल छापून आले. सुमारे तीन वर्षांत गोळीच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं, तर चालणाऱ्या-खाणं आवरणाऱ्या गटात ५८ टक्क्यांनी. आणि या गटाचं सरासरी वजन किती उतरलं होतं? साडेपाच किलोंच्या आसपास. ही माणसं सरासरीनं आपल्या वहिनीपेक्षा जड होती, ९४ किलोंची. अभ्यास संपला तेव्हाही त्यांतली बरीच 'लठ्ठ' याच रकान्यात होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लठ्ठपणाच्या रकान्यातून बाहेर पडल्याशिवाय काही उपयोग नाही, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की लोक मधेच सोडून देतात. शरीराला मात्र तो रकाना माहीत नसतो.

एवढ्याशा वजनानं एवढा फरक का पडतो, याचं उत्तर चरबी कुठून आधी निघते यात आहे. वजन कमी व्हायला लागलं की कातडीखालची, म्हणजे दंडा-मांड्यांची चरबी सावकाश हलते. यकृतात साठलेली चरबी मात्र लवकर निघते. आतड्यांभोवतीचीही तुलनेनं आधी आटते. आणि त्रास देणारी चरबी तीच. यकृतात चरबी साठली की इन्सुलिनचं सांगणं ते ऐकेनासं होतं. गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१६ साली ४० लठ्ठ माणसांवर केलेल्या एका नेमक्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. वजन ५ टक्के उतरलं तेवढ्यावरच यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद द्यायला लागल्या, स्वादुपिंडाचं कामही सुधारलं. पुढं काहींनी ११ आणि १६ टक्क्यांपर्यंत वजन उतरवलं. तेव्हा स्नायूंमध्ये आणखी सुधारणा झाली, पण यकृताला मिळायचा तो बहुतेक फायदा पहिल्या ५ टक्क्यांतच मिळून गेला होता. म्हणजे डोंगर चढताना सगळ्यात जास्त सावली पहिल्या टप्प्यावरच मिळावी, तसं काहीसं.

आपल्या लोकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यातूनच उलगडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. पण आपल्या बाळांत जे कमी होतं ते स्नायू आणि इतर अवयव. चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक, तरी चरबीवाली. याज्ञिकांचा एक फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ साली आला होता, तो मी वर्गात मुलांना सांगत असे. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! काट्यावर दोघं जुळे, आतून निराळे.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषा खाली ओढल्या आहेत. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. आणि त्याहून सोपी खूण म्हणजे कंबर. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, याच्या वर गेली तर सावध व्हायचं. शिंप्याची टेप घरात असतेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. त्या पाहणीत सगळ्यात वरचा नंबर आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. पोटाचा घेर वाढलेले प्रौढ देशात जवळपास ४० टक्के. घाट उतरलं की गोवा. आपण फार वेगळे असू, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

आता गुडघे. वहिनीला खरं म्हणजे साखरेपेक्षा गुडघ्यांचीच काळजी होती, कारण दुकानाच्या माळ्यावर चढता येत नव्हतं. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात गुडघे झिजलेल्या, वजन जास्त असलेल्या १४२ वयस्कर माणसांना चालायला लावून मोजमाप केलं. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं त्यात दिसलं. चार किलो उतरवले तर पावलागणिक सोळा किलो. माणूस दिवसाला पाच हजार पावलं चालला, म्हणजे एकेका पायाची अडीच हजार, तर एका गुडघ्यावरून दिवसाला ४० टन ओझं उतरलं. हंगामात कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या बघत वाढलेल्या आपल्या माणसांना ४० टन म्हणजे काय, हे सांगायला नको.

रक्तदाबाचा हिशोब ढोबळ आहे: किलोमागं साधारण एक आकडा. घोरण्यातल्या श्वास अडकण्याला थोडं जास्त उतरवावं लागतं, पण तिथंही १० टक्क्यांच्या घटीनं अडकण्याचं प्रमाण सुमारे पावपट कमी झाल्याचं दिसलं आहे. यकृतातली चरबी ३ ते ५ टक्क्यांवरच हटायला लागते. यकृताला सूज असेल तर मात्र ७ ते १० टक्क्यांपर्यंत जावं लागतं.

सगळंच गोड चित्र नाही, तेही सांगते. मधुमेह आधीच झालेल्या ५,१४५ माणसांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास जवळजवळ दहा वर्षं चालला. वजन उतरवलेल्या गटात हृदयविकाराचे झटके कमी होतील, अशी आशा होती. झाले नाहीत, आणि २०१२ साली तो थांबवला. औषधं कमी लागली, चालणं-फिरणं सुधारलं, झोप सुधारली, मूत्रपिंडाचे त्रासही कमी झाले, पण हृदयाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले. म्हणजे पाच किलो उतरवले म्हणून रक्तदाबाची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. त्यातून ज्यांना मधुमेहाची काही विशिष्ट औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आणि साठीच्या पुढच्या माणसाचं वजन काही न करता उतरायला लागलं तर ती आनंदाची बातमी नव्हे. तपासणी करायची.

वहिनीनं काय केलं? पहिलं, चहा. दुकानात बसणाऱ्याला दिवसाला पाच-सहा कप होतातच. गिऱ्हाईक आलं की चहा, सेल्समन आला की चहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. पाच कपांचे पन्नास ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी, ज्यांनी पोट भरत नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असं सुचवते. वहिनी तीन कपांवर आली, आणि कपात एक चमचा.

दुसरं, तेल. हे तिचं तिनं शोधून काढलं, दुकानदार बाई आहे ती. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपत होता. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास. तिनं डबा फोडला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली आणि तो ४० दिवस पुरवायचा ठरवला. कुठला पदार्थ बंद केला नाही. फोडणी तीच, पळी लहान.

तिसरं, रात्रीचं जेवण. दुकान बंद करून साडेदहाला जेवायची ती आठला जेवायला लागली. दादा कुरकुरला, पण तोही आता आठलाच जेवतो. आणि सकाळी जवाहर तलावाकडं अर्धा तास चालणं. पहिले पंधरा दिवस दहाच मिनिटं, कारण गुडघे.

भाकरी सोडली नाही, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडं शहरातून शिकून आलेलं कुणीतरी आधी भाकरीवरच घसरतं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, ही काही वजन वाढवणारी थाळी नाही. वाढतं ते भाकरीच्या जोडीला वाटीभर तर्री घेतल्यानं. उपवासाच्या नावाखाली खाल्लेल्या साबुदाण्याच्या खिचडीनं. बेळगावहून येताना आणलेला कुंदा 'संपवायचाच' म्हणून संपवल्यानं, आणि गोकाकचं करदंट ड्रायफ्रूटचं म्हणून चालतं, असं मानल्यानं. कुंद्याशी माझं वैर नाही. वाटीत घेऊन खावा, डब्यातून नको. उलट उसळ, अंडं, मासळी, ताक यांचं प्रमाण थोडं वाढवावं लागतं, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडं ते मुळात कमीच.

दिवसातून दोनदाच जेवायची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आमच्या गल्लीतही बऱ्याच जणांनी केली. काहींना लाभली, काहींनी महिन्यात सोडली. माझं मत विचाराल तर, जी पद्धत दुसऱ्या दिवाळीपर्यंत टिकेल ती चांगली. मात्र गोळ्या-औषधं चालू असणाऱ्यांनी ती आपल्या मनानं सुरू करू नये. २०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारो, वेगोव्ही या इंजेक्शनांबद्दल मुलं विचारतात. अभ्यासांत त्यांनी १५ टक्के आणि त्याहून जास्तही वजन उतरलेलं आहे, ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा, मेडिकल दुकानाच्या काउंटरवर नाही.

आठ महिन्यांनी वहिनीचं वजन ७५ झालं. सव्वासहा टक्के घट. बीएमआय अजून ३२ च्या वर, म्हणजे पुस्तकाप्रमाणं लठ्ठच. पण रक्तदाब १३८/८६, तीन महिन्यांची साखर ५.८, आणि माळ्यावर ती आता स्वतः चढते. याच काळात शेजारपाजारच्या बायका काय म्हणत होत्या? "एवढं चालतीस, कुठं काय कमी झालंय?" एका लग्नात हे तिनं तीनदा ऐकलं आणि आठवडाभर चालायला गेली नाही. या लेखाचं खरं कारण ते लग्न आहे. रिपोर्टातला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्याकडं जे दिसत नाही ते झालंच नाही, असं समजतात.

दिवाळीत तिचं वजन दीड किलो परत वाढलं. हेही बहुतेकांचं होतं. ज्या अमेरिकन अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यातल्या माणसांचंही बरंचसं वजन पुढच्या वर्षांत परत आलं. तरी पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या गटात मधुमेहाचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमीच होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच अभ्यास केला, ५३१ माणसांवर. त्यात तर वजन फारसं हललंच नाही, तरी चालणं आणि खाणं सुधारल्यानं मधुमेहाचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं. काटा अडला म्हणून चालणं थांबवू नका, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

निपाणीत मांडीवर सूप घेऊन हजाराच्या हिशोबानं विड्या वळणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघते. बैठं काम आपल्याकडं कॉम्प्युटरबरोबर आलेलं नाही. त्या बायांना 'सकाळी तासभर फिरा' हे सांगणं सोपं, पण विड्यांचा हिशोब तास मोजतो. म्हणून मी आताशा दहा-दहा मिनिटांचं सांगते. जेवणानंतर दहा मिनिटं गल्लीत. ते जमतं.

आता तुमच्या वाट्याचं काम. वहिनीला तपासणीच्या ठिकाणी जो आहाराचा छापील कागद मिळाला, त्याची एक बाजू इंग्रजी होती, दुसरी कन्नड. तिला दुकानापुरतं कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद सहा महिने देवघरातल्या खणात पडून होता. आपल्या भागातल्या किती घरांत असे कागद पडून असतील! पुढच्या सुट्टीत आलात की तो शोधा. मराठीत उतरवा, त्यातलं ओट्स-ब्रोकोली काढून आपल्या घरातलं घाला, आणि मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. खाली तीन आकडे लिहा: आजचं वजन, त्याचे पाच टक्के, आणि कंबर. सत्तर किलोंच्या माणसाला साडेतीन किलो, नव्वदच्या माणसाला साडेचार.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आई-वडिलांना घेऊन जाल तेव्हा रांगेत तुम्हीही उभे राहा. डेस्कवर बसून तुमचीही कंबर कुठं गेली आहे, ते टेपला माहीत आहे.